क्लच बदलला, आता इंजिन का रुसले?

(जिल्हा मेळाव्यात डहाणू-तलासरीकडील कार्यकर्त्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डहाणू-तलासरीकडची माणसे. तुमचा मुलूख कापूस-ज्वारीचा आणि कोरडवाहू. आमच्याकडे समुद्रकाठाला चिकूच्या वाड्या आहेत, आत डोंगराकडे भात, नागली, वरई आणि गवत. आमच्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कागद मिळाला, पण चिकू काही त्यामुळे चार दिवस जास्त टिकत नाही. झाडावरून उतरवला की दोन-तीन दिवसांत तो गिऱ्हाइकाच्या गावाला पोचलाच पाहिजे.

मग कापूसवाल्यांच्या मेळाव्यात आमचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. चिकू काय, कापूस काय आणि ज्वारी काय, घरात ठेवून कोणाचेच पोट भरत नाही. माल गाडीत घालून बाहेर न्यावा लागतो. गाडी ज्याच्या हातात, भाव पाडण्याची दोरीही बऱ्याच वेळा त्याच्याच हातात.

आमच्या भागाने हे फार पूर्वीपासून सोसले आहे. १९४५ साली डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या वारल्यांनी गोदावरी व शामराव परुळेकरांच्या बरोबरीने गवतकापणीचा संप केला. मागणी काय होती? ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी. एवढ्यासाठी त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. गवत कापणारा आमचा होता. ते बाजाराला नेणारा दुसराच होता. तुमच्याकडेही १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, तेव्हा केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगा लावून बसण्याचे दिवस तुम्ही पाहिले. पुढे खासगी खरेदी खुली झाली. पण खुल्या बाजारात जायलासुद्धा गाडी चालू पाहिजे. बाजार खुला आणि गाडी अंगणात बंद, तर तो खुलेपणा कोणाच्या उपयोगाचा?

म्हणून आज आम्ही भावाबद्दल बोलणार नाही. गाडीबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही एकाच अडचणीबद्दल. चार-पाच जण मिळून जुना ट्रक किंवा टेम्पो घेतात. क्लच झिजतो. खर्च वाचवायला गावातलीच जाणती पोरे अंगणात गिअरबॉक्स उतरवून नवीन क्लच बसवतात. सगळे बोल्ट आवळून होतात, चावी फिरवली जाते, आणि इंजिन सुरूच होत नाही. किंवा सुरू होते आणि धडधडते, धूर ओकते, गिअर टाकला की बंद पडते. मग कोणीतरी येऊन सांगतो, "इंजिन गेले, पंप गेला, खोलावे लागेल." तिथे शेतकरी हरतो. क्लचच्या खर्चावर इंजिनाचा खर्च बसतो, आणि भर हंगामात गाडी आठवडाभर उभी राहते.

पहिला नियम: हात कुठे लागला ते आठवा

काल संध्याकाळी इंजिन ठणठणीत चालत होते. मध्ये फक्त क्लचचे काम झाले. क्लच बदलताना पिस्टनला हात लागत नाही, व्हॉल्व्हला लागत नाही, डिझेल पंपाच्या पोटात कोणी शिरत नाही. एका रात्रीत ते बिघडण्याचे कारण नाही. तेव्हा दोष शोधायचा तो हात लागला तिथे. जे सोडले, जे सरकवले, जे ताणले गेले, त्याची यादी करायची आणि एकेक तपासायचे.

यादी फार मोठी नसते. बॅटरीच्या वायरी. इंजिनावरून किंवा गिअरबॉक्सवरून चॅसीला जाणारी अर्थची पट्टी. सेल्फ, म्हणजे स्टार्टर, आणि त्याच्या वायरी. रिव्हर्स लाइटची व स्पीडोमीटरची जोडणी. सायलेन्सरचा पुढचा पाइप. जॉइंट शाफ्ट. क्लचची केबल किंवा ऑइलचा पाइप. आणि एक गोष्ट लोक विसरतात: गिअरबॉक्स निघाला की इंजिनाचा मागचा आधार जातो आणि इंजिन मागे कलते. त्या कलण्याने वरचे होजपाइप, डिझेलच्या नळ्या, ॲक्सिलरेटरची केबल आणि हवेचा पाइप ताणले जातात. त्यांना कोणी हात लावलेला नसतो, तरी ती जागा हललेली असते.

सेल्फ फिरतच नाही

चावी फिरवली आणि नुसता टिक् आवाज आला, किंवा सेल्फ अर्धमेला फिरला, तर बहुतेक जण बॅटरीला दोष देतात. आधी अर्थची पट्टी पाहा. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात. रबरातून वीज जात नाही. इंजिनाची बॅटरीशी गाठ त्या एका पट्टीने असते. पट्टी लावायची राहिली, किंवा रंगावर नाहीतर गंजावर आवळली, की सेल्फला वीज पुरत नाही. मग वीज दुसरी वाट शोधते. ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या लोखंडी केबलीतून जाते आणि ती केबल चटका बसण्याइतकी तापते. केबल गरम लागली तर शंका उरत नाही. चावी बंद करा आणि अर्थ शोधा.

परीक्षा सोपी आहे. गाडी न्यूट्रलला, चाकांना दगड लावलेले. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या उघड्या लोखंडावर एक जाड जंपर वायर धरा आणि सेल्फ मारा. जोरात फिरला तर दोष अर्थमध्ये. मीटर असेल तर सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस आणि इंजिन यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला तर जोडणी खराब. आमच्याकडे चिंचणी, डहाणू, बोर्डीच्या खाऱ्या हवेत ही पट्टी आतून हिरवी होऊन सडते. वरून धड दिसते आणि हलवली की तुटते. तुमच्याकडे खारी हवा नाही, पण धूळ आणि गळके ऑइल तेच काम करतात.

सेल्फ घरघरतो पण दात पकडत नाही, असे झाले तर तो वाकडा बसला आहे. बसण्याच्या जागेवर माती किंवा रंगाचा पापुद्रा राहिला असेल. काढा, पुसा, दोन्ही बोल्ट सारखे आवळा. नवीन गाड्यांपैकी काहींत क्लचच्या पायाजवळ एक स्विच असतो. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरायचा नाही, अशी त्याची रचना. पेडलची उंची बदलली तर तो स्विच दाबला जात नाही. तोही पाहा.

सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही

इथे सायलेन्सरच्या तोंडाकडे बघायचे. धूर सगळे सांगतो.

सेल्फ फिरतो आणि अजिबात धूर नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. जुन्या पंपाच्या गाडीत इंजिन बंद करण्याची केबल ओढलेल्या अवस्थेत अडकली आहे का पाहा. ती परत मागे गेली पाहिजे. बंद करण्याचे काम विजेवर असेल तर चावी उघडताना पंपावरच्या सोलेनॉइडचा 'टक' आवाज आला पाहिजे. नाही आला तर त्याची वायर निघालेली असेल.

पांढरा धूर येतो, इंजिन धरते आणि सोडते, चालू झाले तरी वरखाली होत राहते, म्हणजे नळीत हवा शिरली. इंजिन कलले तेव्हा एखादा नट ढिला झाला, किंवा जागा करण्यासाठी कोणी डिझेलची नळी सोडली होती. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करा, हॅण्डपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आले की स्क्रू आवळा. पण हवा का शिरली ते शोधले नाही तर उद्या पुन्हा तीच गत. टाकीपासून पंपापर्यंतचा प्रत्येक जोड कोरडा पुसा आणि कुठे ओल येते ते पाहा.

इथे एक इशारा कान देऊन ऐका. जुन्या गाडीत नोझलचा नट सैल करून हवा काढतात. कॉमन रेल इंजिनात हे कदापि करू नका. त्या नळीत हजार बारपेक्षाही जास्त दाब असतो. डिझेलची बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरते. वरून सुईएवढे भोक दिसते आणि आतून हात सडतो. असे झाले तर घरी न थांबता दवाखान्यात जायचे आणि डिझेल आत गेले आहे हे डॉक्टरला सांगायचे.

नवीन गाड्यांची आणखी एक गोम आहे. देशभर २०१७ पासून बीएस ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे नियम लागू झाले. या इंजिनांचे डोके इलेक्ट्रॉनिक असते. क्रँक कुठे आहे हे सांगणारा एक सेन्सर असतो आणि पुष्कळ गाड्यांत तो फ्लायव्हीलजवळच बसवलेला असतो. गिअरबॉक्स काढताना त्याचा प्लग निघतो, किंवा बसवताना वायर दोन लोखंडांमध्ये चिरडते. सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी चांगली आहे, आणि आरपीएमचा काटा जराही हलत नाही, असे दिसले तर आधी या सेन्सरकडे जा. फ्लायव्हील काढले असेल तर ते खुणेप्रमाणे बसले आहे का, हाही प्रश्न विचारा.

चालू झाले, पण ताकद नाही किंवा थरथरते

काळा धूर आणि ताकद नाही, याचा अर्थ डिझेलला पुरेल एवढी हवा मिळत नाही. हवेचा पाइप दुमडला आहे का, टर्बोचा होजपाइप निघाला आहे का, काम करताना तोंडात कोंबलेला फडका आत राहिला आहे का, हे पाहा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पंपावरची कांडी शेवटपर्यंत जाते का, हे दुसऱ्याला बघायला सांगा. केबल अडकली असेल तर इंजिन बिचारे काय करणार?

थरथर असेल तर एक प्रश्न विचारा: उभ्या गाडीत होते की चालत्या? गाडी उभी, गिअर न्यूट्रल, रेस वाढवली आणि थरथर वाढली, तर इंजिनाचे माउंटिंग ढिले किंवा फाटलेले आहे, नाहीतर प्रेशर प्लेट खुंट्यांवर नीट बसलेली नाही. उभ्या गाडीत शांत आणि रस्त्यावर वेग घेतला की थरथर, तर इंजिनाचा दोष नाही. जॉइंट शाफ्ट काढताना खुणा केल्या नाहीत आणि तो उलटा-सुलटा बसला. म्हणून काढण्याआधी दोन्ही बाजूंना रंगाची रेघ ओढायची. पाच पैशांची रेघ, हजारांचे काम वाचवते.

गिअर टाकला की इंजिन बंद पडते

हा इंजिनाचा रोग वाटतो, पण तो क्लचचा आहे. क्लच दाबूनही सुटत नाही, म्हणून इंजिन चाकांना बांधलेलेच राहते. न्यूट्रलला छान चालते, पहिला गिअर टाकताना खर्रकन आवाज, आणि गाडी उडी मारते किंवा बंद पडते. कारणे ठरलेली आहेत. केबलचे माप चुकले. ऑइलचा क्लच असेल तर नळीत हवा राहिली. क्लच प्लेट उलटी बसली. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू बहुधा कोरलेली असते, आणि स्प्रिंगांचा फुगवटा साधारणपणे गिअरबॉक्सकडे येतो. किंवा गिअरबॉक्स चढवताना त्याचे सगळे वजन प्लेटवर लटकले आणि प्लेट वाकली. पहिली दोन कारणे बाहेरून सुधारतात. उरलेल्या दोघांसाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो, त्याला इलाज नाही.

उलट, इंजिन ओरडते आणि गाडी पळत नाही, म्हणजे क्लच स्लिप मारतो. पेडलला मोकळी चाल आहे का पाहा. ती असूनही स्लिप मारत असेल तर प्लेटवर ग्रीस किंवा ऑइल गेले. क्रँकचे मागचे सील गळत असेल तर नवीन प्लेटही महिन्यात वाया जाते. म्हणून क्लच उघडला आहे तोवरच सील पाहून घ्यायचे.

आवाजाचेही ऐका. पेडल दाबल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर जातो, तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडल्यावर येतो आणि दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग. पेडल दाबताच इंजिनच दबते आणि आतून ठोके येतात, तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर झिजले असण्याची शक्यता आहे. हा मात्र खरोखर इंजिनाचा दोष. अशी गाडी चालवू नका, जाणत्या मिस्त्रीला दाखवा.

जीव आधी, गाडी नंतर

भावांनो, वाचलेल्या मजुरीपेक्षा माणूस मोठा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी शिरायचे नाही. स्टँड किंवा सागाचे भक्कम ओंडके हवेत आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड हवेत. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस सोडायचा. गिअरबॉक्स छातीवर घेऊन उतरवायचा नाही. क्लचची परीक्षा घेताना गाडीच्या पुढे-मागे पोरेबाळे नकोत. जुन्या क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, त्याची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवायची नाही; ओल्या फडक्याने पुसायची. फ्लायव्हीलला तडे दिसले किंवा निळे डाग पडले असतील तर ते लेथवर दाखवायचे, तसेच बसवायचे नाही.

हे ज्ञान कोणाच्या हातात राहणार?

आता मुद्द्यावर येतो. आमच्या तलासरीवरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. रात्रंदिवस हजारो गाड्या धावतात. महामार्गाच्या कडेला गॅरेजे आहेत, त्यांतले पुष्कळ कारागीर फार हुशार आहेत आणि आम्ही त्यांना मानतो. आमचे भांडण कारागिराशी नाही. भांडण अडाणीपणाशी आहे. काय बिघडले हे ज्याला सांगता येत नाही, त्याला कोणीही काहीही सांगतो. बाजारात ज्याला वजन कळत नाही त्याची मापात मारली जाते, तसेच हे आहे.

जुनी गाडी पान्याने खुलत होती. नवीन गाडी कंपनीचे मशीन लावल्याशिवाय बोलत नाही. हा प्रश्न जगभरच्या शेतकऱ्यांपुढे आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला, की शेतीयंत्र बनवणाऱ्या कंपनीने दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि साधने शेतकऱ्याला दिली पाहिजेत. तो २०२४ च्या जानेवारीपासून लागू झाला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिच्या कक्षेत शेतीची यंत्रे आणि मोटारगाड्या दोन्ही घेतल्या. त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टलही सुरू केले. पोर्टलने नट सैल होत नाही. त्या हक्काला कायद्याचे दात पाहिजेत, आणि ते मागायचे काम शेतकऱ्याच्या चळवळीचे आहे. आम्ही यंत्र विकत घेतो तेव्हा ते दुरुस्त करण्याचे स्वातंत्र्यही विकत घेतो, असे आम्ही मानतो.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर गावाने काय करायचे? चार गोष्टी सुचवतो.

एक. प्रत्येक गाडीत एक वही ठेवा. कधी काय बदलले, काय सोडले, कोणत्या मापाचा भाग घातला, ते लिहा. मायबहिणींनो, घरचा हिशेब तुम्ही ठेवता, ही वहीही तुमच्या हातात असू द्या. गाडी बिघडली की पहिले पान तेच उघडायचे.

दोन. दहा-बारा गाड्यांमागे मिळून एक जंपर वायर, एक मीटर, चार भक्कम स्टँड आणि टॉर्क पाना घ्या. एकट्याला महाग, सगळ्यांना स्वस्त.

तीन. गावातली दोन पोरे, मुलगा असो की मुलगी, आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या वर्गाला घाला. तो अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. एका वर्षात गावाला आपला जाणता मिळतो.

चार. गाडी गॅरेजला दिलीत तर "काय झाले?" एवढे विचारून थांबू नका. "कशावरून?" हेही विचारा. अर्थ तपासली का, हवा काढली का, सेन्सरचा प्लग पाहिला का, हे विचारा आणि बदललेला जुना भाग परत मागा. चांगला कारागीर याने रागावत नाही. तो खुशीने दाखवतो.

हंगाम तोंडावर आला आहे. वेचणी सुरू झाली की गाड्यांना उसंत मिळणार नाही. तेव्हा क्लच घसरत असेल तर आताच, उघडिपीत, दोन दिवस हाताशी ठेवून काम काढा. काम झाल्यावर इंजिन रुसले तर घाबरू नका आणि घाईने पंप उतरवू नका. हात कुठे लागला ते आठवा, धूर पाहा, आवाज ऐका, एका वेळी एकच गोष्ट तपासा. बहुतेक वेळा दोष एखाद्या वायरीत, एखाद्या नळीत, एखाद्या ढिल्या नटात असतो.

ज्यांना आपली गाडी दाखवायची आहे त्यांनी सभेनंतर मंडपाच्या मागे यावे. आमची पोरे जंपर वायर आणि मीटर घेऊन तिथे बसली आहेत.